काजू, बदाम, दाणे: मिक्सरमधून कोरडी, मोकळी पूड कशी काढायची

गहू जात्यात घातले की पीठ पडतं. बदाम घातले तर थोड्याच वेळात जात्याची टाकी (दगडावर ठोकलेल्या बारीक खाचा) बुजते, खुंटा जड लागतो आणि कडेने पिठाऐवजी तेलकट लगदा बाहेर येतो. गिरणीवाला दाणे किंवा बदाम दळायला घेत नाही तो याचसाठी. घरघंटीतही ते घालू नका. जाळी चिकटून बसते आणि पुढची दोन-तीन दळणं तेलाच्या वासाची निघतात.

गव्हात तेल असतं जेमतेम दीड-दोन टक्के. बदाम आणि शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मं तेलच असतं, काजू-पिस्त्यात ४५ टक्क्यांच्या आसपास, अक्रोडात तर ६५. हे तेल दाण्याच्या पेशींत बारीक थेंबांच्या रूपात कोंडलेलं असतं. मिक्सरचं पातं फिरलं की काही पेशी फुटणारच, ते टळत नाही. पण पातं सलग फिरत राहिलं तर आणखी पेशी फुटतात, घर्षणाने भांडं तापतं आणि तापून पातळ झालेलं तेल कणाकणावर पसरतं. मग कण एकमेकांना धरू लागतात. एकदा धरले की पुन्हा मोकळे होत नाहीत, कितीही फिरवा. फिरवाल तितकं लोणी होत जाईल.

म्हणून या कामात मिक्सर चालवण्यापेक्षा थांबवणं महत्त्वाचं. थोडा माल घ्यायचा, दोन-दोन सेकंद फिरवायचा, चाळायचा आणि चाळणीवर राहिलेलं जाडसर तेवढंच पुन्हा भांड्यात घालायचं. सगळं एकाच वेळी मैद्यासारखं करायचा हट्ट सोडला की निम्मं काम झालं.

माल कोणता घ्यायचा

बदामाच्या पुडीसाठी साधा कॅलिफोर्निया बदाम पुरतो. तो आकाराने सारखा असतो, साल सहज निघते. मामरा महाग, शिवाय जास्त तेलकट. तो भिजवून खायला ठेवा, पुडीत त्याचे पैसे वाया जातात. गुरबंदी लहान असतो, सोलायला वेळखाऊ, आणि त्यात मधूनच एखादा कडू निघतो. कडू बदाम चवीलाच वाईट असतो असं नाही. त्यात पोटात गेल्यावर सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. अख्खा खाताना कडू लागला तर थुंकता येतो, पुडीत मिसळल्यावर तो शोधता येत नाही. गुरबंदीच घरात असेल तर पूड करू नका.

काजूचं गणित वेगळं. दुकानात डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० असे आकडे दिसतात. एका पौंडात साधारण किती गर बसतात, त्याचा तो अंदाज. आकडा जितका लहान, तितका काजू मोठा आणि महाग. पण हे पैसे दिसण्याचे आहेत, चवीचे नाहीत. पुडीसाठी पाकळी किंवा मोठा तुकडा घ्या, बऱ्याच स्वस्तात पडतो. अगदी बारीक कणी मात्र टाळा. तिच्यात सालीचे कण आणि भुसा असतो, आणि तुकडा जितका बारीक तितका तो हवेने लवकर खवट होतो.

सिंधुदुर्ग, गोवा, आजरा-चंदगड भागातल्या वाचकांना घरच्या बागेतल्या बिया फोडून पूड करायचा मोह होईल. बी फोडायच्या फंदात घरी पडू नका. टरफलातला चीक हाताची कातडी जाळतो. शिवाय उघड्या जाळावर भाजलेल्या बियांचे गर खायला झकास लागले, तरी त्यांवर करपल्याचे डाग असतात आणि पुडीला धुराचा वास येतो. कतलीला पांढरी पूड हवी असेल तर कारखान्यात वाफवून, सुकवून, सोललेले गरच घ्यावेत. उसळीचे ओले काजूगर या कामाचे नाहीत, हे सांगायला नकोच.

शेंगदाणे कच्चे, बिनमिठाचे, टपोरे घ्या. सुरकुतलेले, काळपट, बुरशीची हिरवी-पिवळी झाक असलेले दाणे निवडून फेकून द्या. बुरशीमुळे दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते कढईच्या आचेने जात नाही. 'भाजले की सगळं मरतं' ही समजूत इथे उपयोगाची नाही.

माल कोणताही असो, पाकिटाच्या तळातले चार-पाच दाणे आधी चावून बघा. जुन्या तेलाचा, रंगाच्या डब्यासारखा वास किंवा घशाला खवखव जाणवली तर ते पाकीट पुडीला घेऊ नका. दळल्यावर खवटपणा कमी होत नाही, उलट आख्ख्या पुडीत पसरतो.

साधनं

मिक्सरचं सर्वांत लहान, म्हणजे चटणीचं भांडं. मोठ्या भांड्यात १०० ग्रॅम बदाम घातले तर ते पात्याच्या वर उडत राहतात, खाली थोडेच दळले जातात आणि आपण नकळत जास्त वेळ फिरवतो. भांडं, झाकण, पात्याखालची खाच आणि झाकणाची रबरी कडी पूर्ण कोरडी हवी. आदल्या दिवशी धुऊन पालथं ठेवलेलं उत्तम. आयत्या वेळी धुऊन फडक्याने पुसलेल्या भांड्यात पात्याच्या मुळाशी दोन थेंब राहतातच, आणि तेवढे थेंब गुठळ्या करायला पुरतात.

चाळण्या दोन: एक रव्याची, एक गव्हाच्या पिठाची. मैद्याची अगदी बारीक चाळण इथे अडवते. तेलकट कण तिच्या जाळीत रुतून बसतात. चाळण नसेल तर मोठी स्टीलची चहाची गाळणी चालते, फक्त वेळ लागतो.

वजनकाटा मात्र हवाच. वाटीच्या मापाने हा पदार्थ फसवतो. बदामाची चाळलेली पूड २४० मिलीच्या कपात सैल भरली तर ९५ ते १०० ग्रॅम भरते, तीच दाबून भरली तर १२० च्या पुढे जाते.

हाताने फिरवायची दांड्याची किसणी, जिच्यावर बदाम-पिस्त्याचे काप करतात, तिला बारीक छिद्रांचं नळकांडं असेल तर ती मिक्सरपेक्षा चांगली पूड देते. ती दाणा ठेचत नाही, खरवडते, आणि तापत तर अजिबात नाही. २५० ग्रॅमला हात दुखतो एवढंच. अक्रोडासाठी तर हीच वापरावी.

बदामाची पांढरी पूड

२५० ग्रॅम बदामांपासून सोलून, सुकवून, चाळून साधारण २२५ ते २३५ ग्रॅम पूड हाती लागते.

१. सोलण्याआधी बदामांचं वजन करून लिहून ठेवा. ते का, हे पुढे येईल.

२. पातेल्यात १ लिटर पाणी खळखळ उकळा. बदाम घाला, ६० ते ९० सेकंदांनी उपसा आणि लगेच गार पाण्यात टाका. साल सुरकुतलेली दिसेल. याहून जास्त वेळ ठेवले तर बदाम पाणी पितात आणि मऊ पडतात.

३. चिमटीत धरून दाबा, बदाम सालीतून सटकन बाहेर उडतो. दुसऱ्या हाताची ओंजळ आडवी धरा, नाहीतर निम्मे बदाम ओट्याखाली शोधावे लागतील.

४. सुती फडक्यावर चोळून पुसा आणि एकावर एक न येता पसरा.

५. सुकवा. ओव्हन ७० ते ८० अंशांवर ठेवून ४० ते ५० मिनिटं, दोनदा हलवून. ओव्हन १०० च्या खाली जात नसेल तर दार बोटभर उघडं ठेवून २५ ते ३० मिनिटं. ओव्हन नसेल तर पंख्याखाली पूर्ण एक दिवस, पावसाळ्यात दोन. बदामाचा रंग बदलता कामा नये, इथे भाजायचं नाही.

६. पूर्ण गार होऊ द्या. कोमट बदाम मिक्सरमध्ये घातला की तेल निम्म्या वेळात सुटतं.

बहुतेकांची पूड बिघडते ती पाचव्या पायरीला. बाहेरून कोरडा वाटणारा बदाम आत ओला असतो. अशा बदामाची पूड मोकळी न पडता भिजल्या वाळूसारखी बसते, आणि चार दिवसांत तिला आंबूस वास येतो. सुकले की नाही हे काट्यावर कळतं. साल म्हणजे वजनाच्या साधारण पाच टक्के. म्हणजे २५० ग्रॅम बदाम सोलून नीट सुकले की काट्यावर २४० च्या खाली यायला हवेत. अजून २५५ दाखवत असतील तर पोटात पाणी आहे, परत सुकवा. काटा नसेल तर एक बदाम मोडून बघा. कट् असा आवाज करून मोडला पाहिजे. वाकून, रबरासारखा तुटला तर थांबा.

आपल्याकडे बदाम रात्रभर भिजवायची सवय आहे. खाण्यासाठी ती ठीक, पुडीसाठी नाही. रात्रभर भिजलेला बदाम इतकं पाणी पितो की त्याला आतपर्यंत सुकवायला ओव्हनमध्ये कित्येक तास जातात. परदेशात राहणाऱ्यांना सोललेले बदाम किंवा त्यांच्या सळ्या दुकानात तयार मिळतात. त्या घेतल्या तर पहिल्या चार पायऱ्या वाचतात, मात्र सुकवण्याची पायरी १५ मिनिटांपुरती तरी करावी.

आता दळणं. चटणीच्या भांड्यात १०० ग्रॅम, त्याहून जास्त नाही. भांडं एक तृतीयांशच्या आसपास भरलेलं दिसेल. मिक्सरचा खटका उलट्या बाजूला, म्हणजे हात सोडला की थांबतो त्या बाजूला, दोन सेकंद धरा आणि सोडा. असं तीनदा. झाकण काढून चमच्याच्या दांड्याने तळाची आणि कडेची पूड मोकळी करा. भांड्याच्या बुडाला हात लावून बघा. कोमट लागलं तर पाच मिनिटं थांबा, पूड ताटात काढून ठेवली तर आणखी बरं. मग पुन्हा तीनदा. बस. सगळी पूड बारीक झालेली नसेल, दिसायला रवा आणि पीठ यांचं मिश्रण दिसेल. हेच हवं आहे.

पिठाच्या चाळणीवर घाला आणि चाळण बाजूने हलके आपटत चाळा. हाताने घासू नका. घासल्याने तेल सुटून जाळी बुजते आणि मोठे कणही खाली उतरतात. पहिल्या फेरीला साठ-सत्तर टक्के पूड खाली पडते. वर राहिलेलं पुढच्या १०० ग्रॅममध्ये मिसळा आणि पुन्हा तेच. शेवटच्या फेरीनंतर चमचा-दोन चमचे जाड रवा उरेल. त्याच्यामागे लागू नका, तो शिऱ्यात किंवा खिरीत जातो.

कृतीत साखर पडणारच असेल तर त्यातलीच एक-दोन चमचे साखर दर १०० ग्रॅम बदामांबरोबर दळा. साखरेचे कण बदामाच्या कणांमध्ये येतात, सुटलेलं थोडंफार तेल धरून ठेवतात आणि पूड हलकी राहते. पुढे कृतीतून तेवढी साखर वजा करायची, एवढं लक्षात ठेवा. साखर नको असेल तर चमचाभर दुधाची पावडर चालते. काही जण तांदळाचं पीठ घालतात, पण ती पूड उपासाला चालत नाही. तिथे वरईचं किंवा राजगिऱ्याचं पीठ घ्या.

सालीसकट पूड करायची तर पहिल्या चार पायऱ्या गाळा, बदाम कोरड्या फडक्याने पुसा आणि थेट दळा. रंग तपकिरी ठिपक्यांचा आणि चव किंचित तुरट येते. केक, कुकीज, लाडू यांना ती उत्तम. बदाम वडी मात्र मातकट दिसेल.

काजूची पूड

काजू सोललेलेच मिळतात, त्यामुळे हे सोपं वाटतं. अडचण अशी की काजू बदामापेक्षा मऊ, आणि दमट हवेत तो फार लवकर सादळतो. सादळलेला काजू दाताखाली कुरकुरत नाही, चिकटतो. मिक्सरमध्येही तेच करतो. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर उघडलेल्या पाकिटातला काजू सादळलेलाच धरून चाला. जाड तव्यावर अगदी मंद आचेवर चार-पाच मिनिटं हलवत गरम करा, रंग जराही बदलू देऊ नका, आणि ताटात पसरून तासभर गार करा.

फ्रीजमधून काढलेले काजू थेट दळू नका, असं सगळे सांगतात. कारण दमट हवेत गार काजूवर डोळ्यांना न दिसणारं दव धरतं. पण हा नियम सगळीकडे सारखा नाही. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात, जिथे खोलीतच ३५-३८ अंश असतात, तिथे खरा शत्रू ओल नव्हे, उष्णता. तिथे काजू हवाबंद डब्यात घालून तासभर फ्रीजमध्ये ठेवून दळले तर पूड चांगली पडते. किंवा सरळ पहाटे दळा. कोकणात उलट: काजू खोलीच्या तापमानाला, डबा बंद.

दळण्याची रीत बदामाचीच, फक्त हात आणखी हलका. १०० ग्रॅमला दोन-दोन सेकंदांचे पाच झटके पुरतात, मध्ये एकदा उघडून खालची पूड वर करा. भांड्याच्या तळाशी, पात्याभोवती पूड दाबून चकतीसारखी बसलेली दिसली आणि चमच्याने उचलल्यावर ती तुटायच्या ऐवजी दुमडली, तर तेल सुटायला लागलंय. तिथेच थांबा. वरची मोकळी पूड अलगद काढून घ्या, तळाची चकती वेगळी ठेवा. ती पंजाबी भाजीच्या रश्शाला वापरा. पुडीत मिसळलीत तर गुठळ्या चाळूनही जाणार नाहीत.

कतलीसाठी पिठाच्या चाळणीतून उतरलेलीच पूड घ्या. एखादा जाड कण राहिला तर लाटताना वडीवर ओरखडा उठतो. प्रमाण वजनात: २५० ग्रॅम काजूपूड, १२५ ग्रॅम साखर, ६० ते ६५ मिली पाणी. साखर विरघळून पाक जेमतेम एकतारी झाला की आच मंद करून पूड घालायची, गोळा कढई सोडेपर्यंत हलवायचा. चिमूटभर घेऊन गार करून वळून बघा. बोटाला न चिकटता गुळगुळीत गोळी झाली की उतरवा. गोळा शिजताना कडेने तूपकट तेल दिसू लागलं तर दोष बहुधा दळण्याचा. गोळा कोरडा, भेगाळ झाला तर पाक पुढे गेलाय. एक-दोन चमचे कोमट दूध घालून मळला तर सावरतो, पण दूध पडलेली कतली चार-पाच दिवसांत संपवावी लागते.

स्वस्त काजू बर्फीत शेंगदाणा असतो ही जुनीच तक्रार. घरी पूड करण्याचं ते एक कारण पुरेसं आहे. गोव्यात नाताळच्या मार्झिपान या मिठाईला बदामाऐवजी काजू वापरतात. तिथे पूड इतकी मोकळी असायची गरज नाही, कारण पुढे ती शिजवून मळायचीच असते.

दाण्याचं कूट

हे मराठी स्वयंपाकघराचं रोजचं पीठ, आणि बहुतेकांचं बिघडतं ते घाईमुळे: दाणे गार होण्याआधी मिक्सर लावला जातो.

अर्धा किलो दाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर १५ ते १८ मिनिटं, सतत हलवत. मोठ्या आचेवर पाच मिनिटांत साल काळी होते आणि आतला दाणा कच्चाच राहतो. एक दाणा चोळून बघा. साल सुटली आणि पाकळी आतून फिकट बिस्किटाच्या रंगाची दिसली की उतरवा. कढईत ठेवू नका, गॅस बंद केल्यावरही तापल्या कढईत ते भाजत राहतात. परातीत पसरा, किमान तासभर गार करा. मायक्रोवेव्हमध्ये २५० ग्रॅमला एकेक मिनिट करत चार-पाच मिनिटं लागतात, दर मिनिटाला हलवायला हवं.

सुती फडक्यात बांधून चोळा, सुपात घेऊन पाखडा. दोन पाकळ्यांमधला छोटा अंकुर किंचित कडवट असतो, पाखडताना बराचसा तोही उडतो. खिचडीसाठी थोडी साल राहिली तर बिघडत नाही.

मग कशासाठी कूट हवं ते ठरवून थांबा. साबुदाण्याच्या खिचडीला भरड: तीन झटके, दाताखाली कण यायला हवेत. अगदी बारीक कूट साबुदाण्याला चिकटून खिचडीचा लगदा करतं. कोशिंबीर आणि भरल्या वांग्यांना मध्यम, पाच-सहा झटके. बारीक कूट हवं असेल तर रव्याच्या चाळणीतून काढून वरचं पुन्हा फिरवा. उपासाच्या दाण्याच्या आमटीला चाळायचं कारणच नाही, पाणी घालून वाटा. खलबत्त्यात किंवा उखळात कुटलेल्या कुटाला वेगळी गोडी येते ती तेल हळूहळू, थोडंच सुटल्यामुळे. सोलापुरी चटणीत तर ते सुटावं म्हणूनच कुटत राहतात. म्हणजे तेल हा दोष नाही, ते कुठे हवं हे ठरवलेलं असलं पाहिजे.

तेल काढलेलं दाण्याचं पीठ पाकिटात मिळतं, ते घरी होत नाही. त्यासाठी घाण्यावर दाणे दाबून तेल वेगळं करावं लागतं. लाकडी घाण्यावर स्वतः निवडलेले दाणे नेऊन तेल काढून घेत असाल, तर उरलेली ताजी पेंड कोरडी करून दळता येते, आणि ती बदामाच्या पुडीपेक्षा सहज दळते. बाजारातली जनावरांची पेंड मात्र स्वयंपाकाला आणू नका. ती खाण्यायोग्य म्हणून साठवलेली नसते.

पिस्ता, अक्रोड

पिस्ता मीठ न लावलेला घ्या, बदामासारखाच उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून सोला, सुकवा, एका वेळी ५० ग्रॅमच दळा. सोलला नाही तर हिरव्याऐवजी शेवाळी पूड मिळते. अक्रोड मिक्सरमध्ये एकटा कधीच घालू नका, तीन झटक्यांत चिखल होतो. किसणी नसेल तर कृतीतलं थोडं गव्हाचं पीठ किंवा साखर निम्म्याने मिसळून मगच फिरवा.

पोळी-भाकरीत वापरताना

बदामाची पूड गव्हाच्या पिठाच्या जागी तितकीच घालून पोळी लाटायला गेलात तर ती पोळपाटावरच फुटेल. पुडीत ग्लूटेन नाही, धरून ठेवणारं काहीच नाही. १०० ग्रॅम पुडीला २ मोठे चमचे (८ ते १० ग्रॅम) इसबगोल मिसळा, ७० मिली कोमट पाण्यापासून सुरुवात करून मळा, १० मिनिटं झाकून ठेवा. इसबगोल फुगला की गोळा जुळतो. दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये थापा किंवा लाटा, मध्यम आचेवर भाजा. मोठ्या आचेवर ती आत शिजण्याआधी बाहेरून करपते. मधुमेहासाठी म्हणून ही पोळी खाणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: पिष्टमय भाग कमी असला तरी १०० ग्रॅम बदामात ५८०च्या आसपास कॅलरी असतात, गव्हाच्या पिठाच्या दीडपटीहून जास्त. दोन पोळ्यांवर थांबावं.

केकच्या पाककृती विकतच्या पुडीवर बेतलेल्या असतात. ती यंत्रावर आणखी बारीक केलेली, काही वेळा थोडं तेल काढलेली असते. घरच्या पुडीत सगळं तेल शाबूत, म्हणून कृतीतलं लोणी चमचाभर कमी घाला आणि केक पाच मिनिटं जास्त भाजायची तयारी ठेवा.

घरात कुणाला दाण्यांची किंवा सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी असेल तर त्यांच्या स्वयंपाकाला हे भांडं आणि चाळण वापरू नका. रबरी कडीत आणि जाळीत पूड राहतेच.

साठवण

अख्खा बदाम महिनोन्महिने टिकतो कारण तेलाला हवा लागत नाही. पूड केली की प्रत्येक कणाला हवा लागते. काजू-बदामाची पूड बाहेर ठेवायची तर थंडीत दोन आठवडे, उन्हाळ्यात एकच. फ्रीजमध्ये दोन-तीन महिने, फ्रीजरमध्ये सहा. कूट बाहेर आठ-दहा दिवस, फ्रीजमध्ये महिनाभर. काचेची घट्ट झाकणाची बरणी चांगली, आणि ती गच्च भरलेली असावी. अर्ध्या बरणीत अर्धी हवा असते. एका मोठ्या डब्याऐवजी १०० ग्रॅमच्या पिशव्या केल्या तर दर वेळी सगळा साठा उघडावा लागत नाही.

फ्रीजमधून काढलेला डबा लगेच उघडू नका. अर्धा तास बंदच ओट्यावर ठेवा. गार पुडीवर बाहेरची दमट हवा पडली की दव धरतं, आणि पुढच्या वेळी डब्यात पूड नसते, ढेकळं असतात. ढेकळं झालीच असतील आणि वास चांगला असेल तर ताटात पसरून तासभर पंख्याखाली ठेवा, मग रव्याच्या चाळणीतून काढा. वास बदललेला असेल तर भाजून, वेलची घालून तो झाकायच्या भानगडीत पडू नका. टाकून द्या.

बदामाचं दूध काढून उरलेला चोथा सुकवून दळला तर पूड मिळते, पण ती वेगळी. तिच्यातलं बरंच तेल दुधात गेलेलं असतं, त्यामुळे ती मिक्सरमध्ये मजेत दळते आणि भिजवताना दुप्पट पाणी पिते. चोथा ताटात पातळ पसरून १०० अंशांवर दीड-दोन तास, मधून हाताने कुस्करत, चिमटीत भुगा होईपर्यंत सुकवा. कटलेटला बाहेरून लावायला ही पूड छान. कतली किंवा वडीसाठी ती चालणार नाही, गोळा जुळतच नाही.